आधी त्याला कळू द्या

नागपूर सोडून मी चंडीगढच्या रुग्णालयात रुजू झालो, तेव्हा डॉ. मंदाकिनी सबनीस आमच्या विभागाच्या प्रमुख होत्या. बाई मराठी आहेत, या भरवशावर मी गणेशचतुर्थीची रजा मागितली. सणाच्या रजांचा क्रम ठरलेला आहे आणि यंदा तुमची पाळी नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. सणाच्या दुपारी मात्र घरच्या मोदकांचा डबा घेऊन त्या स्वतः माझ्या खोलीत आल्या. परक्या गावातला माझा पहिला सण असा साजरा झाला.

मंदाकिनीताई मला खऱ्या अर्थाने कळल्या त्या बलबीरच्या चौकशीत. बलबीर हा पिंजौरहून रोज बसने येणारा आमचा मदतनीस. त्याच्याकडून नमुन्यांच्या फ्रीजचे दार उघडे राहिले आणि रुग्णांचे नमुने खराब झाले. चौकशी इंग्रजीत झाली. तो गप्प राहिला, म्हणजे त्याला सारे कबूल आहे असे धरून त्याला बडतर्फ करायचे ठरले. चौकशी समितीच्या आम्ही सदस्यांनी सह्याही केल्या. ताईंनी मात्र पेन खाली ठेवले आणि आपल्यावर कसला आरोप आहे ते ठाऊक आहे का, असे त्याला हिंदीत विचारले.

“मैडम जी, चिट्ठी अंग्रेज़ी में थी,” तो म्हणाला. “मैं समझा, तबादला हो रहा है.” आरोपांचे इंग्रजी पत्र म्हणजे बदलीचा हुकूम, असे तो समजला होता.

चौकशी नव्याने, हिंदीत झाली. चूक बलबीरचीच निघाली. त्याने ती मान्यही केली. तेव्हा ताईंनी आम्हाला आठवण करून दिली, की अशाच चुकीबद्दल एका डॉक्टरांना आपण फक्त लेखी ताकीद दिली होती. बराच वाद झाला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तर ताईंशी बोलणेच सोडले. अखेर बलबीरलाही ताकीदच मिळाली आणि त्याची नोकरी वाचली.

चूक त्याचीच होती, मग पहिल्या चौकशीत बिघडले काय, असे मी नंतर त्यांना विचारले. ताई म्हणाल्या, “चूक कळली, तर माणूस शिक्षा भोगतो. न कळता दिली, तर ती नुसती अंगावर कोसळते.”

न्याय सगळ्यांना सारखा मिळतो, असे ताईंनी कधी छातीठोकपणे सांगितले नाही. आपल्यासमोर आलेल्या माणसापुरता तो मिळावा, यासाठी मात्र त्यांनी अनेकांची नाराजी पत्करली.

ताई आज पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो. आमच्या बैठकांत अजूनही घाईघाईने सह्या होतात. अशा वेळी ज्यांना फोन करून विचारावे अशा ताई आम्हाला अजून पुष्कळ वर्षे हव्या आहेत.