विहिरीची झाली रहाड

अक्कल उतू गेली की काय होतं, ते ऐकायचंय? मग चहा घ्या, आणि माझ्या कानांकडे बघू नका. ते गुलाबी का आहेत, ते पुढे येणारच आहे.

मखमलाबादला माझी नि शेजारच्या दगूअण्णाची विहीर एकच. दोन्ही घरं तिचंच पाणी पितात. यंदा ती हिरवी पडली. इतकी हिरवी, की आत बेडूक हरवले, नुसता आवाज यायचा. वर पाण्याला वास. आमच्या बायकोनं, मंगलनं, जाहीर केलं, "हे पाणी निवळेपर्यंत घरात चहा बंद."

आता मात्र पंचाईत आली. मी अभ्यासाला लागलो. शेतातलं खत पाण्यात उतरलं की शेवाळ माजतं म्हणे. बरोबरच आहे. कोबी कुठला नि शेवाळ कुठलं, युरियाला काय कळणार? प्रश्न एवढाच, खत कुणाचं?

अण्णाचं शेत विहिरीच्या वरच्या अंगाला. झेंडूला मुठी भरभरून युरिया फेकतो आणि वरून पाट सोडून देतो. माझं ठिबक. टाकीत खत कालवायचं, विहिरीवरची मोटार लावायची, थेंब थेंब थेट कोबीच्या मुळाशी. संशयाला जागाच नाही.

"अण्णा, तुझा युरिया झिरपतोय."

"त्याच्यावर माझं नाव लिव्हलंय का रे नाना?"

"नाव नाही, पण रंग टाकू. ज्याचा रंग विहिरीत उतरेल, त्यानं एकट्यानं ती उपसून घासायची."

"चालंल की. माझ्या वाफ्यात निळा टाक, तुझ्या टाकीत गुलाबी."

"माझ्या टाकीत कशाला?"

"भ्याला का?"

मी आणि भिणार? गेल्या वर्षीच्या रंगपंचमीचा उरलेला रंग शोधला, निळा वाफ्यात टाकला, गुलाबी टाकीत ओतला, मोटार लावली आणि निळ्याची वाट बघत काठावर बसलो. शेजारी अण्णा तंबाखू मळत होता.

तेवढ्यात लाईट गेली.

मोटार थांबली. पाइपातलं पाणी गुळगुळ करत उलटं फिरलं आणि टाकीतलं खत ओढून घेत विहिरीत उतरलं. बघता बघता अख्खी विहीर गुलाबी. आणि आमच्याकडे लाईट तर रोजच जाते.

अण्णाचा अंगठा तळव्यावर थांबला. "पाणी मागं येऊ नाय म्हणून पाइपाला वॉल्व्ह असतो ना रे?"

असतो. पण तो पाण्याचा जोर खातो, म्हणून मीच काढून स्वयंपाकघराच्या खुंटीला टांगला होता. मंगल त्याला चहाची गाळणी अडकवते.

नाशकात रंगपंचमीला रहाडी उघडतात, रंगाचे मोठे हौद, आणि लोक वरून त्यात धप्पा मारतात. अण्णानं शांतपणे दोर सोडला. "उतर नाना. यंदाचा पयला धप्पा तुझा."

विहीर उपसून, घासून वर आलो तो नखशिखांत गुलाबी. वॉल्व्ह परत बसला, चहा सुरू झाला. पण कुतूहल काही जात नाही. अण्णाचा एवढा युरिया शेवटी जातो कुठं? म्हणून रोज सकाळी विहिरीत डोकावतो, निळा दिसतोय का.

मंगल मागून म्हणते, "आधी कान धुवा."