एकाने पुढे असलेला आकडा

त्या फलकावरचा आकडा अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी निपाणी भागात फौजदार होते. महामार्गावरच्या एका वळणावर आम्ही काळा फलक लावला होता: 'सावकाश! येथे मेले ६.' भीतीने तरी चालक वेग कमी करतील, हा हेतू.

पंधरवड्यात सहाचे सात झाले. नोंदवहीत मात्र सहाच. खोडसाळपणा समजून आम्ही आकडा पुसणार, तोच तिथे ट्रक उलटला आणि क्लीनर गेला. सात खरे ठरले. दोन दिवसांनी फलकावर आठ. महिन्याच्या आत एक सायकलस्वार गेला. मग नऊ.

चालक वळणावरच गाड्या थांबवून नारळ फोडू लागले. धोका उलट वाढला.

"मॅडम, ह्यो बोर्ड माणसं मागतोय," आमचे हवालदार म्हणाले. "काढून टाकूया."

"बोर्डाला हात नसतात. हात कुणाचा ते बघा."

खबर पंक्चरवाल्याने दिली. "दुपारच्याला एक आक्का येती, चुन्याचा डबा घिऊन. लिवती आन् जाती. मला वाटलं सरकारीच हाय."

भर उन्हात तिला ताब्यात घेतले. तंबाखूच्या वखारीत काम करणारी विधवा. चौकशीत ती जराही डगमगली नाही.

"माणसं मरायची वाट बघतीस व्हय गं?" हवालदारांनी दरडावले.

"मी फकस्त माझ्या मालकाचा एक मिळवती. त्येस्नी बी तितंच ट्रकनं उडिवलं. तुमी त्येस्नी मोजलंच न्हाय. बाकीची तुमच्या रस्त्यानं मारल्यात."

कागद तपासले. तिचा नवरा हद्दीपलीकडच्या दवाखान्यात दगावला होता आणि नोंद तिथल्याच ठाण्यात पडून होती. ती दोनदा आमच्याकडे आली होती. "आमची हद्द न्हाय" म्हणून तिला परत पाठवणारे हेच हवालदार.

आम्ही दीड महिना आकडा लिहिणारा हात शोधला. वळणाचा उतार कुणी मोजला नव्हता. तो मोजून अहवाल मी त्याच आठवड्यात बांधकाम खात्याला पाठवला. तिच्या नवऱ्याची नोंद स्वतः करून तिला वाचून दाखवली.

"आता त्या ट्रकला हुडकणार न्हवं, बाई?"

"हुडकणार."

आलेल्याची तक्रार आधी लिहायची, हद्द मग बघायची, हे मी पुढे प्रत्येक ठाण्यात लावून धरले. तिच्यासाठी उशीर झाला होता. ट्रक सापडला नाही. ते सांगायला मी कागद पाठवला नाही, स्वतः वखारीत गेले.