गल्लीचा एकच मेल

आमच्या देवपुरातल्या गल्लीत मेल एकच, आणि तो माझा. म्हणजे फोन सगळ्यांकडे आहेत, त्यात मेलही असणारच, पण तो दुकानदाराने फोन विकताना काढून दिलेला. पासवर्ड त्याला ठाऊक नाहीतर देवाला. त्यामुळे कुठे अर्ज भरायचा झाला, रक्ताचा रिपोर्ट मागवायचा झाला, की बाया माझा पत्ता देऊन मोकळ्या होतात आणि नंतर भाजी निवडता निवडता सांगतात, "अक्का, तुमचा मेल दिलाय हं." घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं, असं मी तोंडाने म्हणायचे. मनातून मला ते आवडायचं.

या विश्वासाला कारण होतं. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. ट्रंक कॉल जोडून दिला की आपण बाजूला व्हायचं, हा खात्याचा नियम. आणि तरीही जे कानावर पडेल ते तिथेच ठेवायचं, हा माझा. धुळ्यातल्या कितीतरी सोयरिकी जुळताना आणि मोडताना मी ऐकल्या. त्याच घरांत नंतर हळदीकुंकवाला गेले, पण चकार शब्द काढला नाही. गल्लीच्या मेलचंही तसंच. ज्याचा असेल त्याला हाक मारायची, फोन हातात द्यायचा आणि आपण गॅसजवळ जाऊन उभं राहायचं.

मग सर्चमध्ये नवी सोय आली. पडद्यावर एक चौकट उमटली: तुमच्या मेलमधली माहितीही शोधात घेऊ का, म्हणजे उत्तर तुमच्या उपयोगाचं मिळेल. मी "हो" दाबलं. चौकट दिसली की "हो" म्हणायचं, एवढंच तर फोनने आपल्याला शिकवलंय. सुरुवातीला बरं वाटलं. विजेचं बिल विचारलं की माझंच बिल समोर यायचं. बहिणीसाठी थायरॉइडचं पथ्य विचारलं, तर मात्र समोरच्या वहिनींचा रिपोर्ट वर आला. मी घाईने पडदा खाली सरकवला आणि विसरून गेले.

शेजारच्या घरातली सून शिकलेली. माहेर पारोळ्याचं, लग्नाआधी लॅब टेक्निशियनचा कोर्स केलेला, आणि लग्नानंतर तो कागद कपाटात पडलेला. एका लॅबची धुळ्यात शाखा निघत होती, मुलाखत नाशिकला. अर्ज तिने माझ्या मेलवरून केला होता. "लागली तर घरी सांगते, अक्का. आधी सांगितलं तर मुलाखतीच्या आधीच निकाल लागायचा," म्हणाली. सोमवारी माहेरी जाते म्हणून निघायचं आणि नाशिकची गाडी धरायची, असा बेत. पारोळा एकीकडे, नाशिक भलतीकडे. मला हसू आलं, पण पोरीचे डोळे बघून मी ते आवरलं.

त्या आधीच्या आठवड्यात तिची सासू माझ्याकडे आली. तिला नाशिकला बहिणीला बघायला जायचं होतं. "अक्का, नाशिकनी सकायनी गाडी कव्हय शे? जरा इचारा ना फोनले."

मी फोन तोंडाशी धरून नाशिकला सकाळची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. फोन गोड आवाजात बोलू लागला: सोमवारी नाशिकला लॅब टेक्निशियनच्या जागेसाठी तुमची मुलाखत आहे, वेळेत पोहोचायला सकाळची पहिली गाडी सोयीची पडेल.

"तुमनी मुलाखत? या वयमा?" ती खळखळून हसली. मीही हसले, जरा जास्तच हसले, आणि आवाजाचं बटण चाचपडत होते तोवर फोनने उमेदवाराचं नाव वाचून दाखवलं. सासरच्या आडनावासकट.

भिंतीला कान असतात म्हणतात. भिंत निदान बोलत तरी नाही. आमच्या गल्लीतली सर्वांत चुगलखोर बाईसुद्धा तोंड उघडण्याआधी समोर कोण बसलंय ते बघते. या शहाण्याला तेवढंही कळू नये?

सासू पदर सारखा करत म्हणाली, "बठ्ठासले माहीत शे, फक्त माले नही. मी काय वाघीण शे का?" तिला खरंच लागलं होतं, ते मला दिसत होतं. पण सुनेने आधी विचारलं असतं तर हिने होकार दिला असता का, तेही मला माहीत होतं. तोंड मिटून ठेवायची माझी जन्मभराची सवय त्या दिवशी कुणाच्याच कामाला आली नाही.

भांडण झालं नाही. सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीने सासू नाशिकला गेली, बहिणीला बघायला. घरी कुणीतरी हवं म्हणून सून थांबली. मी गच्चीत कपडे वाळत घालत होते, तीही तिच्या गच्चीत घालत होती. तिने वर बघितलं नाही. मला त्या फोनचा इतका संताप आला, की तो दिवसभर मी उशीखाली कोंबून ठेवला. नंतर ती सोय बंद केली, पण त्याने काय होणार होतं?

दिवाळीनंतर सून माझ्याकडे आली. "अक्का, माझा स्वतःचा मेल काढून द्या." जळगावला कुठेशी जागा निघाली होती, एवढंच सांगितलं, पुढचं काही नाही. मी चहा ठेवला आणि एकेक पायरी सांगत गेले. पासवर्डची वेळ आली तेव्हा ती फोन घेऊन जराशी वळली. मीही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

शेवटी एक रकाना आला: पासवर्ड विसरलात तर मदतीसाठी तुमच्या विश्वासातल्या कुणाचा मेल द्या. माझा पत्ता तिला तोंडपाठ. तिचा अंगठा तिथे थांबला. मग तिने "नंतर" दाबलं.

"बरोबर केलंस," मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. ती गेल्यावर दोन्ही कप विसळताना मला रडू आलं.