झऱ्यापाशी घातलेला वळसा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझ्या मनातलं माझ्याआधी कळतं.

इंग्लंडमधल्या स्लाऊच्या आमच्या गणपतीत आरतीनंतर गोष्ट सांगायचं काम माझं. गोष्ट दरवर्षी लांबते, डोक्यावरचे केस दरवर्षी कमी होतात. सगळ्यांची आवडती गोष्ट एकच — हद्दीची. आमचं कोकणातलं गाव इंग्रजांकडे, शेजारचं पोर्तुगीजांकडे, आणि मधल्या झऱ्यावरून भांडण. दोन्हीकडचे साहेब मोजणीला आले. रिवाज असा, की एकानं देवाची शपथ घेऊन, डोक्यावर मातीचं ढेकूळ ठेवून हद्द चालायची. तो जाईल तिथे मागून साखळी आणि खुंट्या.

शेजारच्या गावची नलिनीही स्लाऊतच राहते. माझी जुनी मैत्रीण. माझ्या गोष्टीत चालतात तिचे पणजोबा. झरा लाटायला ते हळूच वळसा घालतात, तेवढ्यात माझे पणजोबा आडवे येतात आणि झरा वाचतो! मी डोक्यावर उशी घेऊन ती चाल करून दाखवतो. पोरं हसून लोळतात.

पण — कसं सांगू? — चालले होते माझे पणजोबा. वळसा त्यांनीच घातला. बाबांनी मला हे मान खाली घालून सांगितलं होतं. आणि नलिनीचे पणजोबा? "यालाच चालू दे, हा खोटं पाऊल टाकायचा नाही," असं तेच म्हणाले होते. पुढे त्यांच्या गावच्या बायका डोंगरापलीकडून पाणी आणत राहिल्या.

पहिल्यांदा सांगताना समोर माझी मुलगी बसली होती, डोळे मोठे करून. पणजोबांचं नाव घ्यायची वेळ आली, आणि मी दुसऱ्याचं घेतलं. भित्रा मी आधीपासूनच, पण इतका?

तेव्हाही सुटता आलं असतं. भांडी आवरताना नलिनीनं विचारलं, "खरंच असं झालं का रे? की तुझा मसाला?"

"बाबांनीच सांगितलंय," मी म्हटलं. वडिलांच्या नावावर!

त्यानंतर तिनं मुलांना पणजोबांबद्दल काही सांगणं बंद केलं.

या समरच्या सुट्टीत ती गावी गेली होती. तिथून व्हिडिओ कॉल आला. मागे झरा वाहत होता, काठावर नारळ.

"अरे, तुमच्या देवाला नारळ ठेवला. आमच्या पणजोबांच्या वतीनं माफी मागितली. इतकं हलकं वाटतंय माहितीये!"

मी म्हटलं, "बरं केलंस."