आटलेल्या ओढ्याचं इंग्रजी खेडं

लेक साउथॅम्प्टनला असते. "बाबा, लंडन दाखवते," म्हणाली. मी म्हणालो, खेडं दाखव. शाळेतल्या इंग्रजी कवितांनी पन्नास वर्षं माझ्या डोक्यात एक ओढा वाहता ठेवलाय, तो एकदा बघू दे.

सॉल्झबरीहून बसनं पाऊण तास, तिकीट तीन पौंड. रविवारी बस नसते. गावात दुकान नाही आणि एकुलता पब दुपारी बंद होतो, तेव्हा खायचं सोबत न्या. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती.

खडूच्या मऊ दगडाच्या टेकड्यांमध्ये चाळीसेक घरं. भिंती गारगोट्यांच्या, छपरं गवताची, चर्च आठ-नऊशे वर्षांचं. एके काळी सगळं गाव मेंढ्यांच्या लोकरीवर जगायचं. मधोमध ओढा, तो मात्र ठणठणीत कोरडा! पुलाखाली गुडघाभर गवत.

पुलावर जॉर्ज नावाचे निवृत्त पोस्टमन बसले होते. मी कळवळून त्यांचा हातच धरला. "धीर धरा. आमच्याकडंही असाच दुष्काळ पडतो. टँकर येतो ना?"

ते हसत सुटले. "अहो, हा दर उन्हाळ्यात आटतो! पाणी खडूत मुरतं आणि हिवाळ्यात झरे फुटून वर येतं."

"बाबा, आता इंग्लंडला टँकर पाठवताय का?" लेकीनं कपाळाला हात लावला.

मग जॉर्ज गंभीर झाले. शेजारच्या वाढत्या शहरासाठी इथं नवी मोठी बोअर पाडायचं घाटत होतं. तसंही ओढ्याला पाणी यायला हल्ली उशीर होतो. दोन दिवसांनी त्यावर सुनावणी होती. त्यांनी पिशवीतून जुनी वही काढली. पुलाखाली पहिलं पाणी दिसलं तो दिवस, दर वर्षी एकच ओळ. आजोबांचं अक्षर, मग वडिलांचं, मग त्यांचं.

"पुरावा म्हणून एवढंच आहे. तुमच्या नदीचं कसं?"

फुलंब्रीजवळच्या माझ्या गावची नदी माझ्यादेखत गेली. शहर वाढलं, बोअर खोल गेल्या, आणि नोंद कुणीच ठेवली नाही.

संभाजीनगरला परतलो, तोवर लेकीचा फोन आला. सुनावणीत वही दाखल करून घेतली, निर्णय बाकी आहे. दुसऱ्याच दिवशी गावी जाऊन वर्गमित्र रशीदला घरी गाठलं.

"आपल्या नदीला पाणी कधीपर्यंत असायचं रे?"

"संक्रांतीला डोहात पोहायचो की आपण! पर माझ्या निकाहच्या साली संक्रांतीलाच कोरडी पडली व्हती. पाहुण्यांसाठी गाडीवर पाण्याची टिपाडं आणली, इसरला का?"

"साल कोणतं?"

"साल कोन लिहून ठेवतो, यार?"

मी कोरी वही उघडून बसलो. लग्नपत्रिका शोधायला भाभींनी आत ट्रंक उघडली होती.