चिखल न लागलेला खामसिंग

आमच्या गावातल्या अग्निबाण करणाऱ्यांत चिखलात न पडलेला एकच होता, माझा धाकटा भाऊ खामसिंग. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. कौतुकानंच मेला तो.

पेरणीआधी आभाळाच्या राजाला जाग येऊन पाऊस पडावा म्हणून आम्ही बाण सोडतो. ज्याचा वर गेला त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. ज्याचा फुसका निघाला त्याला उचलून शेतातल्या चिखलाच्या खड्ड्यात टाकतात. लोक हसतात, तोही हसतो, मग अंग धुऊन सगळ्यांबरोबर चिकट भात आणि पपईची तिखटजाळ कोशिंबीर खातो. बाण करणाऱ्यांतलाच सोमनुएक तर वर्षाआड खड्ड्यात असायचा. म्हणायचा, "म्हशींनंतर इथं माझाच हक्क."

खामसिंगचा बाण मात्र कधी फसला नाही. ते त्याच्या डोक्यात गेलं. त्या वर्षी त्यानं कवेत मावणार नाही असा बाण करायला घेतला, शहरातले मोठे संघ करतात तसा. विहारातले थोरले भिक्खू म्हणाले, बाबा, आभाळाच्या राजाला गावाचा बाण पुरतो. यानं मान डोलावली आणि घरी येऊन माझ्यावर तणतणला.

"ताई, जिल्ह्यात नाव झालं पाहिजे. गावात नाव करून काय करू? कोंबड्यांना ऐकवू?"

उत्सव तोंडावर आलेला आणि एवढी बंदुकीची दारू वाळणार कधी? सोमनुएकनं चटईवरची चिमूटभर चोळून पाहिली आणि ओली आहे म्हणाला, अजून ऊन दे. त्यावर आमचा शहाणा काय बोलला, तर खड्ड्यातल्या म्हशीनं मला शिकवू नये. आणि तशीच ओली दारू त्यानं नळीत ठासून भरली.

उत्सवाच्या दिवशी बाण मचाणावर चढवला. आसपासच्या गावांतून माणसं लोटली होती. वात पेटली, फुरफुरली, थोडा धूर निघाला. आणि सगळं गप्प.

गप्प झालेल्या बाणाजवळ कुणी जायचं नाही, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक असतं. तो फसला म्हणायचं, करणाऱ्याला खड्ड्यात टाकायचं, आणि बाणावर दुसऱ्या दिवशी पाणी ओतायचं. ढोल वाजायला लागले. माणसं नाचत खामसिंगला उचलायला आली, कुणी 'आला बाबा एकदाचा मुहूर्त' म्हणत होतं. खामसिंगचं तोंड पांढरं पडलं. त्यानं कमरेची नवी वात काढली आणि शिडीकडं धावला.

बाईनं त्या मचाणावर पाय ठेवायचा नसतो. मी खालूनच हाका मारत राहिले. सोमनुएक मागून चढला आणि त्यानं खामसिंगची पोटरी धरली.

"खाली ये, लेका. चिखल आहे तो, विस्तव नाही."

"तू लोळ त्यात," म्हणत खामसिंगनं लाथ मारली. सोमनुएक शिडीवरून खाली आपटला. ढोल थांबले. आता सगळे माझ्यासारखेच वर बघत होते. खामसिंग बाणावर वाकून जुनी वात उपसत होता, आणि आत कुठं तरी ठिणगी जिवंत होती.

आवाज झाला तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तर माझा भाऊ पेटलेला, मचाणाखाली पडलेला. पाणी कुठं होतं जवळ? सोमनुएकनंच लंगडत जाऊन त्याला उचललं, आणखी दोघांनी पाय धरले, आणि धावत नेऊन त्याला त्याच खड्ड्यात टाकलं. आग विझली.

मी चिखलात उतरून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. डोळे उरले नव्हते.

"ताई," तो म्हणाला, "कोण हसतंय?"

"कुणी नाही रे बाळा."

खरंच कुणी हसत नव्हतं. सोमनुएक तिथंच चिखलात बसून रडत होता. पण खामसिंगला ते पटलं नाही. जीव जाईपर्यंत तो हातानं तोंडावरचा चिखल पुसत राहिला.