एका टाकीची दोन घरं

पाण्याला वास येतोय हे घरात सगळ्यात आधी मला कळलं. सून म्हणाली, "आई, तुम्हाला उगंच वाटतंय." मी तांब्या तिच्या नाकाशी धरला. तिनं वास घेतला. तांब्या मोरीत ओतून आली.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्यातून एकदा धड आलं तरी लोक खूश असतात. म्हणून घराघरांत अंगणाखाली सिमेंटचा हौद असतो. पाणी आलं की हौद भरून घ्यायचा आणि पुढच्या पाण्यापर्यंत पुरवायचा. प्यायला तेच, स्वयंपाकाला तेच. त्या हौदाला संडासाचा वास यायला लागला की घराचं सगळंच अडतं.

आमचं घर कसं आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी फुलंब्रीकडची, चौथी शिकलेली. लग्न होऊन शहरात आले. नवरा कारखान्यात होता. आम्ही गुंठेवारीतला लहानसा प्लॉट घेतला आणि त्याला लागून शेजाऱ्यांनी घेतला. शेजारी मुसलमान, शेजारीण खुलताबादची. दोन्ही प्लॉट इतके अरुंद की प्रत्येकानं संडासाची वेगळी टाकी बांधली असती तर अंगणच उरलं नसतं. म्हणून दोघींच्या नवऱ्यांनी मिळून एकच मोठी टाकी बांधली. अर्धी त्यांच्या जागेखाली, अर्धी आमच्या. दोन्ही घरांचे पाइप तिच्यात सोडले आणि वरून मधली भिंत घातली. टाकीचं झाकण त्यांच्या बाजूला आलं, म्हणून भिंतीत एक दार ठेवलं.

लोक म्हणतात, बघा, किती भाईचारा. भाईचारा कसला, जागा नव्हती. पण दार असलं की माणूस जातं-येतं. मी तिला भाभी म्हणते, ती मला वैनी. ती बोलते लई. तिच्या भाजीत तेलाचा तवंग असतो, माझी भाजी तिला आजाऱ्याची वाटते. आता दोघींचे गुडघे गेलेत. चौकापर्यंतसुद्धा जाववत नाही. माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा-सून दोघं कामावर. दुपार लांब असते. त्या दारातून पलीकडं गेलं तरच माझं दिवसातलं बोलणं होतं. हे दार बुजवायचं असं दोन्ही घरांच्या पोरांनी ठरवलं, ती ही गोष्ट.

आमच्या हौदाला वास आला आणि थोड्याच दिवसांत त्यांच्याही हौदाला आला. माझा मुलगा म्हणाला, त्यांच्या बाजूनं टाकीची भिंत फुटली, घाण मुरून आपल्या हौदात येतेय. भाभीचा मुलगा म्हणाला, फुटली ती यांच्या बाजूनं. दोघं लहानपणी एका पतंगामागं पळालेले. आता दोघंही कंपनीत चांगल्या जागेवर आहेत, आणि दारात उभं राहून एकमेकांना सुनावत होते.

"तुम्ही तिकडं नवीन बाथरूम काढलं, तेव्हा ठोकाठोकी कोणी केली?" माझा मुलगा म्हणाला.

"आणि तुमची मोटर? दिवसभर धडधडते. भिंत हलणार नाही तर काय होणार?"

"मोटर विजेवर चालते, तुझ्यासारखी तोंडानं नाही."

शेवटी असं ठरलं की ज्याची त्यानं वेगळी टाकी करायची, मध्ये पक्की भिंत घालायची आणि दार बंद. तिच्या मुलानं विटा आणून टाकल्या. भाभी त्या दुपारी आली आणि विटांकडं बघत बसली. म्हणाली, "वैनी, मेरे पोट्टे का दिमाग फिर गया. मैं बोलती तो सुनताच नै."

"माझा ऐकतो काय?" मी म्हणाले. "दोघांनाही नोकऱ्या लागल्यापासून कान कमी झालेत."

वेगळं व्हायच्या आधी चूक कोणाची हे दोघांना ठरवायचंच होतं. तिच्या मुलानं एक माणूस शोधला. गाडीनं टाकी उपसून घ्यायची, मग तो आत उतरून भिंत कुठं फुटली ते बघणार. मी म्हणाले, कोणी उतरणार नाही. मागच्या वस्तीत एक माणूस असाच उतरला होता. टाकी रिकामी दिसत होती. तो वर आला नाही. त्याची बायको त्या झाकणाशी बसलेली मी पाहिली आहे. कायद्यानंसुद्धा माणूस उतरवायला मनाई आहे, पण कायदा आमच्या गल्लीत बघायला येत नाही.

मुलगा म्हणाला, "आई, दोन मिनिटांचं काम आहे."

"मग तू उतर."

तो फोन घेऊन बाहेर गेला. गाडी येऊन उपसून गेली, तो माणूसही आला. मी दारातून पलीकडं गेले आणि टाकीच्या झाकणावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. थोड्या वेळानं भाभीनं तिची खुर्ची आणून शेजारी टाकली. तिचा मुलगा म्हणाला, "अम्मी, लोग देख रहे."

"देखने दे," ती म्हणाली. "बैठने को भी तेरी परमिशन लगती क्या?"

तो माणूस आमच्याकडं बघून हसला आणि निघाला. त्याचा रोज बुडाला म्हणून सुनेनं त्याला चहा आणि भाकरी दिली. मग तिनंच मोबाईलवर शोधून कॅमेरेवाला काढला. पाइपातून कॅमेरा सोडतात आणि आतलं सगळं वर दिसतं, असं तिनं सांगितलं. मला खरं वाटलं नाही. पोटात नळी घालून बघतात हे माहीत होतं, माझ्या भावजयीचं बघितलं होतं. पण संडासाच्या पोटातही घालतात हे नवीन होतं.

तो रविवारी सकाळी आला, म्हणून सगळे घरी होते. त्याच्याकडं एका चक्रावर गुंडाळलेली जाड वायर होती. तिच्या टोकाला अंगठ्याएवढा कॅमेरा, भोवती बारीक दिवे. पेटीत टीव्हीसारखा पडदा. दोन्ही पोरं पडद्याला चिकटली. माझी सून आणि भाभीची सून मागं टाचा उंचावून. भाभीचा नवरा, ज्याला कमी ऐकू येतं, तो नेहमीप्रमाणं ओट्यावर खुर्चीत बसून सुपारी कातरत होता. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

आधी कॅमेरा रिकाम्या टाकीत सोडला. चारही बाजू फिरवल्या. भिंत काळी पडली होती, पण अखंड होती. त्यांची बाजूही अखंड, आमचीही अखंड. कॅमेरेवाला म्हणाला, "चीर कुठंच नाही. जुनं काम आहे, मजबूत आहे."

दोघा पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली. महिनाभर भांडायला जे धरलं होतं तेच नव्हतं. माझा मुलगा म्हणाला, "मग वास काय आभाळातून येतोय?"

"पाइप बघू," कॅमेरेवाला म्हणाला.

आमच्या संडासामागच्या चेंबरमधून त्यानं वायर आत ढकलली. आपण इतकी वर्षं जे आत ओतलं ते टीव्हीवर बघायचं म्हणजे गंमतच. पाइप पुढं निम्मा भरलेला होता. राखाडी थर, दगडासारखा घट्ट. कॅमेरेवाल्यानं विचारलं, "भांडी राखेनं घासता का?" मी म्हणाले, घासते, आणि खरकटं पाणी वाया जाऊ नये म्हणून तेच संडासात ओततो. आमच्याकडं सगळेच ओततात. पाणी विकत आणल्यासारखं वापरावं लागतं, स्वच्छ पाणी संडासात कोण घालणार? त्यानं सांगितलं, त्या राखेनं पाइप भरत आलाय. म्हणून एकदम जास्त पाणी सोडलं की ते पुढं न जाता तुंबून मागं चढतं.

"मागं चढलं तर संडासात दिसेल की," सून म्हणाली. "हौदात कसं जाईल?"

तेव्हाच पडद्यावर पाइपाच्या कुशीला एक भोक दिसलं. गोल, नीट बसवलेलं. कॅमेरेवाला म्हणाला, "इथं कुठला पाइप जोडलाय?" कोणालाच माहीत नव्हतं. तो वायर पुढंमागं करत राहिला. कॅमेरा त्या भोकात वळेना. परत ओढायचा, पिळायचा, परत ढकलायचा. एकदाचा वळला आणि वर चढायला लागला.

भाभी त्या घोळक्यात नव्हती. तिला पडदा दिसत नव्हता, आणि पोरांना सरका म्हणायला तिला कमीपणा वाटत होता. ती पुढं आमच्या अंगणात गेली होती आणि आमच्या हौदाचं झाकण सरकवून आत बघत होती. वास येतो म्हणून आम्ही हौद रिकामा केला होता. ती एकदम ओरडली, "वैनी! अगो वैनी! तुमच्या हौदात बत्ती लागली!"

आणि इकडं पडद्यावर तिचं तोंड आलं. वरून वाकलेलं, लोंबता पदर, उघडं तोंड, पानानं लाल दात. तिची सून किंचाळलीच.

कॅमेरा संडासाच्या पाइपातून चढून आमच्या पिण्याच्या हौदात निघाला होता.

 मग सगळे एकदम बोलायला लागले. माझा मुलगा म्हणाला, "हे कोणी केलं?" तिचा मुलगा म्हणाला, "आमच्या पाइपात बघा." बघितलं. त्यांच्याही पाइपात तशीच राख, तसंच भोक, त्यांच्याही हौदात तशीच वाट. मोजून मापून एकसारखं काम.

एवढ्या आरडाओरड्यानं भाभीच्या नवऱ्याला काहीतरी चाललंय हे कळलं. त्यानं सुपारी बाजूला ठेवून विचारलं, काय झालं. मुलानं त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं, हौदाचा पाइप संडासाच्या पाइपाला जोडलाय.

"हौ," तो शांतपणे म्हणाला. "भाऊ और मैंनेच तो जोडा." भाऊ म्हणजे माझा नवरा.

"अब्बा! आपको मालूम था?"

"मालूम कैसा नै. हाथ से लगाया मैंने."

"फिर बोले क्यूं नै?"

"पूछा कौन?" तो म्हणाला आणि पुन्हा सुपारीला लागला.

मग हळूहळू त्याच्याकडून काढून घेतलं. पाणी आलं की हौद भरून वरून वाहायचा. माणूस झोपेत असला, मोटर बंद करायला उशीर झाला, की पाणी गल्लीत. आमची गल्ली उताराची आहे. खालच्या घरांच्या नळाला त्या वेळी थेंब नसायचा आणि वरून आमचं पाणी त्यांच्या दारापुढून जायचं. मग खालच्या बाया येऊन जे बोलायच्या, ते मला अजून आठवतं. त्या बोलण्याला कंटाळून दोघा बाप्यांनी हौदाच्या तोंडाजवळ पाइप बसवला आणि जमिनीखालून संडासाच्या पाइपाला नेऊन जोडला. पाणी वाया जायचं ते जातच राहिलं, फक्त कोणाला दिसायचं बंद झालं. पाइप मोकळा होता तोवर पाणी हौदाकडून संडासाकडं जायचं. पाइप तुंबला तसं संडासाचं पाणी हौदाकडं यायला लागलं.

माझ्या मुलाला बापाचा राग आला. मी म्हणाले, "मेलेल्या माणसावर काय रागावतोस? ते असते तर चार शिव्या मीच घातल्या असत्या." शेजारच्या म्हाताऱ्याला मात्र भाभीनं सोडलं नाही. त्याला ऐकू येत नाही हे त्या दिवशी त्याच्या कामी आलं.

दोन्ही जोड कापून बुजवले. पाइप मशीननं साफ केले. राखेची ढेकळं निघाली, हाताच्या पंजाएवढी. हौद घासले, ब्लिचिंग टाकून परत परत धुतले. हौदाचा जादा पाण्याचा पाइप आता भिंतीतून बाहेर, सगळ्यांना दिसेल असा गल्लीत काढला.

एवढं होऊनही विटा तशाच होत्या. पोरांनी एकमेकांची माफी मागितली नाही, ती सवय आमच्या दोन्ही घरांत नाही. तिचा मुलगा म्हणाला, "काकू, पाणी येऊ दे. वास आला नाही तर टाकी आहे तशी राहील. आला तर मात्र भिंत." माझ्या मुलानं मान हलवली. ते बरोबरच होतं. पिण्याच्या पाण्यात मैत्री बघून चालत नाही.

पाणी आलं त्या दिवशी आम्ही दोघींनी मुद्दाम सगळं धुवायला काढलं. गोधड्या, चादरी, पडदे, त्यांच्याकडच्या सतरंज्या. दोन्ही घरांतून बादल्याच्या बादल्या पाइपात सोडल्या. तुंबायचं असेल तर आजच तुंबू दे, म्हटलं. मोटर बंद करायला सुनेला थोडा उशीर झाला आणि हौदाचं पाणी नव्या पाइपातून गल्लीत पडायला लागलं. लगेच खालच्या घरातली बाई कमरेला पदर खोचून वर आली. "लई झालंय का वो पाणी? आमच्या घशाला कोरड अन् तुमचं रस्त्यावर?"

भाभी म्हणाली, "चिल्लाती कायको? पाइप लाव ना. तेरे घर तक उतारच है."

ती बाई गांगरली. आमच्याकडं भांडायला आलेल्या माणसाला कोणी पाइप दिला नव्हता. तिनं घरातून लांब पाइप आणून आमच्या पाइपाच्या तोंडाला बसवला आणि तिचे दोन ड्रम भरले. जाताना काही बोलली नाही. पण बोलायला आलेली बाई न बोलता गेली, हेही पुष्कळ झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आमच्या हौदाचं झाकण काढलं. दोन्ही पोरं कामावर जायच्या कपड्यांत आली होती. आधी मी वाकले, मग भाभी, मग पोरं. सिमेंटचा आणि ब्लिचिंगचा वास होता. दुसरा नव्हता. माझ्या मुलानं त्यांच्या हौदाशी जाऊन हुंगलं. तिथंही नव्हता. तिच्या सुनेनं त्या पाण्याचा चहा केला. माझा मुलगा कप हातात धरून क्षणभर थांबला, तेव्हा भाभी म्हणाली, "पी रे बेटा. मरा तो मैं भी तेरे साथ मरती."

तो हसला आणि प्याला. तिच्या मुलानं घड्याळ बघितलं, गाडी काढली आणि आत ओरडून सांगितलं, विटावाल्याला फोन करा, विटा परत घेऊन जा म्हणावं. भाभी माझ्याकडं न बघता म्हणाली, "वैनी, दुपारी येताना थोडी मिरची घेऊन या. तुमच्या घरची भाजी खाऊन माझ्या तोंडाची चव गेलीय."

मी मिरची नेली.